ब्लूटूथच्या चिन्हात दडलेली गार

तुमच्या फोनवरचं ब्लूटूथचं चिन्ह एकदा नीट पाहा. ते चित्र नाही. ती एकावर एक ठेवलेली दोन अक्षरं आहेत. एक 'हागल', म्हणजे 'ह'. दुसरं 'ब्यार्कान', म्हणजे 'ब'. हाराल्ड ब्लूटूथ या दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाच्या नावाची ही आद्याक्षरं. ज्या लिपीत ती लिहिली आहेत, तिला रून लिपी म्हणतात.

हीच लिपी आज टॅटूमध्ये, पेंडंटवर आणि भविष्य सांगणाऱ्या रील्समध्ये भेटते. कापडी पिशवीत हात घालायचा, एक खडा उचलायचा आणि त्यावरच्या अक्षराचा अर्थ वाचायचा. हा समृद्धीचा, हा विजयाचा, हा मृत्यूचा. व्हायकिंगांचं प्राचीन गूढ ज्ञान म्हणून हे सगळं आपल्यासमोर येतं. अक्षरं जुनी आहेत हे खरं. पण त्यांना चिकटलेले सगळे अर्थ तितके जुने नाहीत. आणि त्यातल्या काही अर्थांचा इतिहास भयंकर आहे.

कंगवा आणि घरचा निरोप

डेन्मार्कमधल्या विमोस इथल्या दलदलीत एक कंगवा सापडला. साधारण इ.स. १६०चा. त्यावर 'हार्या' हा एकच शब्द कोरलेला आहे, बहुधा कुणाचं तरी नाव. सगळ्यात जुन्या रून लेखांपैकी हा एक. त्या काळच्या लिपीत २४ अक्षरं होती. पहिल्या सहा अक्षरांवरून तिला 'फुथार्क' म्हणतात. रोमन किंवा तशाच दक्षिणेकडच्या लिप्यांवरून ती घडली असावी. अक्षरांत गोलाई जवळजवळ नाही, कारण लाकडावर सुरीनं सरळ रेघा ओढणं सोपं जातं.

१९५५मध्ये नॉर्वेतल्या बर्गन बंदराचा जुना भाग आगीत जळाला. नंतरच्या उत्खननात सहाशेहून अधिक रून लेख मिळाले, बहुतेक मध्ययुगातले आणि लाकडाच्या ढलप्यांवरचे. मालाच्या गठ्ठ्याला बांधायच्या मालकाच्या नावाच्या पट्ट्या, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी. एकावर ग्यूदा नावाच्या बाईचा निरोप आहे, की आता घरी ये. म्हणजे आपण मेसेज पाठवतो, तसंच.

मग अध्यात्म कुठे होतं?

होतंच. 'रून' या शब्दालाच 'गुपित' असा अर्थ आहे. 'हावामाल' या जुन्या नॉर्स काव्यात ओडिन देव स्वतःला भाल्यानं जखमी करून घेतो, नऊ रात्री झाडाला लटकतो आणि तेव्हा त्याला रून सापडतात. अक्षरज्ञान फुकट मिळत नाही, त्याची किंमत मोजावी लागते, ही त्या समाजाची श्रद्धा. स्वीडनमध्ये लिंडहोल्म इथे सापडलेल्या हाडाच्या ताईतावर एकच अक्षर ओळीनं अनेकदा कोरलं आहे. तो मंत्र असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शिवाय प्रत्येक अक्षराला नाव होतं. या नावांवर रचलेल्या जुन्या इंग्रजी, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक कविता आज उपलब्ध आहेत. पहिलं अक्षर 'फेहू', म्हणजे गुरंढोरं, म्हणून संपत्ती. हा शब्द आणि आपला 'पशु' एकाच मुळातून आलेत. आपण अजून 'पशुधन' म्हणतोच की. मात्र या कविता समृद्धीचं आश्वासन देत नाहीत. नॉर्वेजियन कविता बजावते की पैशापायी भाऊबंदकी होते. ब्लूटूथमधलं 'हागल' म्हणजे गार, उभं पीक झोडपणारी. 'ब्यार्कान' म्हणजे बर्च झाड. त्याचं इंग्रजी नाव आणि आपला 'भूर्ज' हेही एकाच मुळातले. गुरं, गारा, झाडं, सूर्य, बर्फ. शेतकऱ्याच्या अंगणातलं हे जग आहे.

अंधारातला साक्षात्कार

१९०२मध्ये व्हिएन्नातल्या गुइडो फॉन लिस्ट या लेखकाच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर सुमारे ११ महिने त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्या अंधारात आपल्याला रूनांचं रहस्य उलगडलं, असा त्यानं दावा केला. १९०८मध्ये त्यावर पुस्तक आलं. लिपीत कधी २४ अक्षरं होती, नंतर १६ झाली. यानं स्वतःची १८ मांडली आणि ती जर्मन वंशाच्या श्रेष्ठत्वाला जोडली.

जुन्या परंपरेत सूर्याचं असलेलं अक्षर त्याच्या मांडणीत 'विजय' झालं. पुढे हिटलरच्या एसएस संघटनेनं तेच अक्षर दोनदा लिहून आपलं चिन्ह बनवलं. एक अक्षर सुलट म्हणजे जीवन आणि उलटं म्हणजे मृत्यू, ही कल्पनाही याच वर्तुळात रुजली आणि एसएसच्या थडग्यांवर कोरली गेली.

१९८२मध्ये अमेरिकेत राल्फ ब्लूमचं रूनांवरचं पुस्तक आलं. त्यानं अक्षरांचा क्रम आपल्या मनानं लावला आणि त्यात एक कोरा खडा घातला. आज पिशवीतून निघणारा कोरा खडा तो हाच. म्हणजे तो कंप्युटरपेक्षाही तरुण आहे.

खडे उचलून कुणाला विचार करायला निवांत वेळ मिळत असेल, तर त्यात वाईट काही नाही. पण टॅटू काढण्याआधी ते चिन्ह कुणाकुणाच्या हातातून आलंय, हे माहीत हवं. 'एगिल सागा'त एक गोष्ट आहे. एका मुलीचं प्रेम मिळवायला एक तरुण व्हेलच्या हाडावर रून कोरतो. त्याला ते नीट येत नसतं. मुलगी आजारी पडते. एगिल ती अक्षरं खरवडून काढतो, हाड जाळतो आणि बजावतो की वाचता येत नसेल, तर कोरू नये.

स्वीडनमध्ये रोक या गावी इ.स. ८००च्या सुमाराचा एक शिलास्तंभ उभा आहे. त्यावर साडेसातशेहून अधिक अक्षरं आहेत. पुढच्या मजकुराच्या अर्थावरून अभ्यासकांत अजून वाद आहेत. सुरुवात मात्र स्पष्ट आहे. वारिन नावाच्या बापानं, वामोथ नावाच्या आपल्या मेलेल्या मुलाच्या आठवणीत हे लिहिलं आहे. रूनांत काही पवित्र शोधायचंच असेल, तर मी आधी इथे थांबेन.