माने की आंदळकर? न झालेल्या कुस्तीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा



पूर्णा जंक्शनवर गाडी लेट असली आणि बाकड्यावर कुस्तीची आवड असलेले चार जण जमले, की गप्पा हमखास एका प्रश्नावर येतात: "मारुती माने आणि गणपतराव आंदळकर ऐन उमेदीत भिडले असते, तर कोण कुणाला चीत केलं असतं?" गाडी येते, पण वाद काही संपत नाही.

आज हाच वाद घेऊन बसू. कारण पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांचा विषय नेमका याच साच्यातला असतो: "श्रेष्ठ कोण", "जास्त चांगलं काय". असा विषय तसाच पुढे नेला तर तीन-चार वर्षं जातात आणि शेवटी हाताला लागतं ते फक्त आपलं मत. मत असायला हरकत नाही, पण त्यावर पीएच.डी. होत नाही.

आधी पक्की माहिती मांडू. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातले. माने कवठेपिरानचे, आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. १९६२ साली जकार्ताला झालेल्या आशियाई स्पर्धेत दोघेही भारताकडून खेळले. पण माने ९७ किलोच्या गटात होते आणि आंदळकर त्याच्या वरच्या, म्हणजे ९७ किलोपेक्षा जास्त वजनाच्या गटात. त्यामुळे तिथे त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. आपला प्रश्न असा ठेवू: जकार्तात ही कुस्ती लागली असती तर?

जकार्ताची नोंद नीट वाचा

त्या स्पर्धेत दोघेही दोन-दोन प्रकारांत उतरले, फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन. निकाल असे:

माने: फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य.
आंदळकर: फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण.

जरा थांबा आणि परत वाचा. माणूस तोच, स्पर्धा तीच, वजनाचा गट तोच. बदलला तो नियम, आणि पदकही बदललं. तेही दोघांचं उलट्या दिशेनं.

नियमांत फरक काय? ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करता येत नाही आणि पायाचा वापर करून डाव मारता येत नाही. म्हणजे पट काढणं बंद, टांग मारणं बंद. सगळा खेळ छाती, खांदे, हात आणि कमरेच्या वरच्या पकडीवर. फ्रीस्टाइलमध्ये पायही मोकळे. आपल्या मातीतल्या कुस्तीत तर पायाचे डाव लागतातच. मातीत घडलेल्या या दोन पैलवानांनी अर्धे डाव बंद असलेल्या प्रकारातही पदकं आणली, हे कौतुकाचं आहेच. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की "कोण भारी" याचं उत्तर नियम सांगितल्याशिवाय पुरं होत नाही.

इथे घाई करणारा म्हणेल, "मग सोपं आहे. फ्रीस्टाइल असती तर माने, ग्रीको-रोमन असती तर आंदळकर." अंदाज म्हणून ठीक. पण दोन वेगळ्या वजनगटांतली सुवर्ण आणि रौप्य पदकं थेट शेजारी ठेवता येत नाहीत, कारण समोरचे प्रतिस्पर्धी वेगळे होते. एका पैलवानालासुद्धा दोन्ही प्रकारांत तेच प्रतिस्पर्धी मिळतात असं नाही. आणि दोन माणसांवरून सिद्धांत उभा राहत नाही. जकार्तावरून एवढंच म्हणता येतं, की नियम बदलल्यावर क्रम बदलू शकतो. एवढंच म्हणायचं आणि तिथंच थांबायचं, ही सवय आत्तापासून लावून घ्या. व्हायव्हाला उपयोगी पडते.

सगळंच बदललं तर?

आता दुसरं उदाहरण. गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये दोघांची कुस्ती झाली. झिबिस्को बचावात गादीला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, निकाल लागला नाही. १७ तारखेला पुन्हा लढत ठेवली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजयी ठरवलं. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळ्याला दोघे परत भिडले. या वेळी गामानं एक मिनिटही पूर्ण होऊ दिलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, गादीवर निकाल लागला नाही, मातीवर लगेच लागला. म्हणजे मातीचाच फरक." हा निष्कर्ष टिकत नाही. लंडन आणि पतियाळा यांच्यात फक्त माती बदललेली नाही. मध्ये १७ वर्षं गेली, झिबिस्को ४८ वर्षांचा झाला होता, कुस्तीची पद्धत बदलली, प्रेक्षक आणि हवा बदलली. कशामुळे काय झालं, ते वेगळं काढताच येत नाही. प्रयोगशाळेत आपण तापमान, दाब आणि द्रावण तिन्ही एकदम बदलून निष्कर्ष काढतो का? नाही ना. मग इतिहासातही काढायचा नाही. जकार्ताचं उदाहरण जास्त कामाचं आहे ते यासाठी, की तिथं बऱ्याच गोष्टी जागेवर होत्या आणि मुख्य बदल नियमाचा होता. इतिहासात असे तयार प्रयोग क्वचित सापडतात. सापडले की सोडू नका.

कॉम्प्युटरला विचारलं तर?

"आता एआय आहे, आकडे टाकू, उत्तर येईल," असं वाटत असेल तर बॉक्सिंगमधला एक किस्सा ऐका. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला, ४९ लढती आणि एकही हार नाही. मुहम्मद अली त्याच्या नंतरच्या पिढीतला. दोघांत कोण भारी, हा अमेरिकेतला आपल्यासारखाच वाद. मरे वोरोनर नावाच्या निर्मात्यानं आधी १९६७ मध्ये हेवीवेट विजेत्यांच्या कॉम्प्युटरनं ठरवलेल्या लढती रेडिओवर लावल्या. त्यात जुन्या काळच्या जिम जेफ्रीजनं अलीला हरवलं, आणि चिडलेल्या अलीनं दावाच ठोकला. मग १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगमध्ये उभं करून सिनेमा काढला. वेगवेगळे शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत दाखवलेल्या सिनेमात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. खरा मार्सियानो ते बघायला नव्हता. ऑगस्ट १९६९ मध्येच विमान अपघातात तो गेला होता.

वाद मिटला का? नाही. कारण कॉम्प्युटर त्याला दिलेल्या गुणांवरच चालतो. ठोशाची ताकद किती, चपळाई किती, मार सोसायची तयारी किती, हे आकडे माणसांनीच ठरवलेले. आपलं मत आकड्यांत घातलं आणि तेच आकड्यांतून बाहेर काढलं. मॉडेल वाईट नसतं, पण त्यात काय घातलं ते उघड मांडलं नाही तर ते पारावरच्या गप्पांइतकंच खरं.

मग तुम्ही काय करायचं?

कागद घ्या आणि आपल्या विषयाला तीन प्रश्न विचारा.

एक: कोणत्या अटींवर? वजन, नियम, साल. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्य जिंकणारे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटातले. ते की माने, हा प्रश्नच होत नाही.

दोन: कोणती नोंद मिळाली तर माझं म्हणणं चूक ठरेल? अशी एकही नोंद सुचत नसेल, तर तो अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही.

तीन: "कोण" काढून "कशामुळे" किंवा "किती" घालता येईल का? बघा: "१९६२ च्या आशियाई स्पर्धेत दोन्ही प्रकारांत खेळलेल्या किती मल्लांचा क्रम बदलला?" याचं उत्तर निकालपत्रकं मोजून देता येतं.

घराजवळचंही करता येईल. पूर्णा तालुक्यातल्या एखाद्या गावच्या जत्रेत चीतपट कुस्तीचा निकाल कसा दिला जायचा, वेळेची अट कधी आली, गुण कधी मोजायला लागले, आणि त्यानंतर कोणते डाव मागे पडले? यासाठी परदेशातली अर्काइव्ह लागत नाही. जत्रा कमिटीच्या हिशेबाच्या वह्या, इनामाच्या रकमा छापलेली जुनी हँडबिलं आणि गावातले म्हातारे वस्ताद एवढं पुरतं. वह्या वाळवीला जातात आणि वस्ताद कायमचे नसतात. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

माने की आंदळकर, हा वाद बाकड्यावर चालू राहू द्या. सिनॉप्सिसमध्ये मात्र पहिल्या ओळीत अटी लिहा.