पाठीन आणि पढिन

बदलीचा हुकूम हाती पडला की मराठी कुटुंबात पहिली चौकशी मुलांच्या शाळेची होते आणि दुसरी बाजाराची. तांदूळ कसा मिळतो, गोडे तेल मिळेल की सरसोंच्या तेलावरच भागवावे लागेल, आणि घर मत्स्याहारी असल्यास मासा कोणता मिळेल? झाशीस येणाऱ्या कोकणी कुटुंबाला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निराश करणारेच वाटते. समुद्र शेकडो मैल दूर राहिलेला. बाजारात दिसतो तो नदीतळ्यांतला मासा, आणि त्यातही एक जात अशी की तिच्या अंगावर खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा आहेत आणि हातात धरावी तर ती निसटते. 'हा का खाण्याचा मासा?' असे म्हणून पुष्कळ जण रिकामी पिशवी घेऊन परततात. वास्तविक ज्याला आपण परका म्हणून नाकारतो, तो हा मासा आपल्या वाङ्मयाचा फार जुना परिचित आहे.

बुंदेलखंडात या जातीच्या सर्वांत मोठ्या माशाला 'पढिन' म्हणतात; आपल्याकडे नदीकाठची माणसे त्यालाच 'शिवडा' म्हणतात. पढिन हे नाव संस्कृतातल्या 'पाठीन' शब्दाचे सरळ अपत्य होय. अमरकोशाने पाठीनाला 'सहस्रदंष्ट्र' असे दुसरे नाव दिले आहे. या माशाच्या रुंद जबड्यात बारीक दातांच्या दाट पट्ट्या असतात. त्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही केवळ कविकल्पना वाटणार नाही. चिखलात राहणारा 'मागूर' म्हणजे संस्कृतातला मद्गुर, आणि 'सिंघी' म्हणजे शृंगी. कोशकाराने तर शृंगीला मद्गुराची प्रिया ठरवून टाकले आहे. शास्त्रदृष्ट्या या दोन निराळ्या जाती. पण दोघीही पृष्ठभागावर येऊन हवा घेतात आणि आटत्या पाण्यात तग धरतात. हा जोडा जुळवणाऱ्याने तळे नीट पाहिले होते, एवढे मान्य करावयास हवे.

मनुस्मृतीने मत्स्याहाराची एका श्लोकात निंदा केली आणि लगेच पुढच्याच श्लोकात पाठीन व रोहित यांना हव्यकव्यासाठी मोकळीक दिली. तुलसीदासांनी १५७४ मध्ये आरंभिलेल्या रामचरितमानसातही पाठीन भेटतो. भरत सैन्यासह येत आहे असे ऐकून निषादराज गुह भेटीच्या वस्तू मागवतो, तेव्हा कहार लोक मोठमोठ्या पाठीन माशांची ओझी वाहून आणतात. येथे मासा आहे आणि तो वाहून आणणाऱ्याची जातही आहे. पुढे आपल्याला याच माणसाकडे वळावयाचे आहे.

मासा धरणे आणि रांधणे यांचे शास्त्र म्हणून जे लिहिले गेले, त्यातला एक महत्त्वाचा ग्रंथ तर मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर जन्मला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' ११२९ च्या सुमाराचा आहे. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. मराठीतील काही अतिप्राचीन पद्यपंक्ती ज्या ग्रंथात सापडतात, तोच हा ग्रंथ. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आणि त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये निघाला. त्यातील 'मत्स्यविनोद' प्रकरणाकडे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाने समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग केले आहेत; गळ, दोरी, काठी आणि कोणत्या माशाला काय चारावे हे सांगितले आहे. पाकप्रकरणात तो सांगतो, की माशाला तेलमीठ चोळून त्याचा उग्र वास घालवावा, हळदीच्या पाण्याने तो धुवावा आणि चिंचेच्या पाण्यात शिजवावा. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईने हे ऐकले तर ती म्हणेल, 'यात राजाने नवे ते काय सांगितले?' आणि तिचे म्हणणे रास्तच आहे. ही विद्या राजवाड्यात उपजली नसणार. पाण्यात उभे राहणाऱ्यांकडून ती राजाकडे गेली आणि राजाने ती लिहून घेतली.

आता झाशीकडे येऊ. छत्रसालाच्या मदतीस बाजीराव १७२९ मध्ये धावला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला. पुढे नेवाळकरांकडे सुभेदारी आली आणि १८५४ पर्यंत ती टिकली. मानिक चौक हा याच जुन्या, तटबंद शहरातला बाजार. वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात असताना १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज आत घुसली, आणि शहराच्या गल्लीगल्लीतून रक्तपात झाला. त्या प्रलयाचे वर्णन 'माझा प्रवास' मुळे घरोघर पोचले. पण नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे असले तरी कऱ्हाडे ब्राह्मण, आणि गोडसे भिक्षुक. माशाच्या इतिहासासाठी त्यांच्या पंगतीत डोकावून उपयोग नाही. त्यासाठी शहराच्या पश्चिमेस पहूज, पूर्वेस बेतवा आणि मधली असंख्य तळी यांच्या काठी जावे लागते. तेथे ढीमर भेटतो.

ढीमर, रैकवार, केवट, कहार ही बुंदेलखंडातल्या जलजीवी लोकांची नावे. मासे धरावेत, तळ्यात शिंगाडे लावावेत, पाणी भरावे, पालख्या वाहाव्यात, हा त्यांचा परंपरागत उद्योग. पढिन रात्री भक्ष्याला निघतो, म्हणून त्याच्यासाठी लांब दोरीला अनेक गळ बांधून संध्याकाळी पाण्यात सोडतात. आमिष म्हणून लहान मासा किंवा बेडूक. मागूर जाळ्यापेक्षा हाताने अधिक सापडतो. उन्हाळ्यात तळे आटले की तो चिखलात दडतो आणि जाणता ढीमर चिखल चाचपून त्याला वर काढतो. मात्र कल्ल्यामागचे काटे संभाळावे लागतात. सिंघीच्या काट्याचा दंश तर विषारी असतो. मागूर व सिंघी थोड्या पाण्यात दीर्घकाळ जिवंत राहतात, म्हणून ते घागरीतून जिवंतच बाजारात येतात आणि ताजेपणाची शंका उरत नाही.

घरी आणल्यावर पहिले काम बुळबुळ काढण्याचे. चुलीची राख किंवा जाडे मीठ चोळून, गरम पाणी ओतून कातडी खरवडावी, पोट साफ करावे आणि हळदमीठ लावून ठेवावे. येथील लोक मोहरी व लसूण वाटून सरसोंच्या तेलात रस्सा करतात, आंबटपणाला आमचूर. कोकणातून आमसुले आली असतील तर तीही चालतील. या माशात बारीक काटे कमी, म्हणून मुलांच्या पानात निर्धास्त वाढावा. आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून मागुराचा रस्सा देण्याची चाल पूर्वेकडे तर सर्वत्र आहे.

येथवर सांगितलेली विद्या नऊशे वर्षांत फारशी बदलली नाही. बदलले आहे ते पाणी. १८८० च्या दशकात बेतवेवर परीछाचा बंधारा झाला आणि १९५० च्या दशकात माताटीलाचे धरण. वाहत्या नदीचे लांब लांब जलाशय झाले. जमीनदारी निर्मूलनाचा कायदा उत्तर प्रदेशात १ जुलै १९५२ पासून अमलात आला, गावची तळी गावसभांकडे गेली आणि मासेमारीचा हक्क पट्ट्याच्या कागदावर आला. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती ठेका, असे होऊ लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तळे राखणारा ढीमर पुष्कळ ठिकाणी त्याच तळ्यावर मजूर झाला. शेजारच्या टीकमगढमध्ये १९९० च्या दशकात ढीमरांच्या सहकारी संस्थांना ठेकेदारांविरुद्ध आपल्या हक्कासाठी झगडावे लागले. त्यातच 'थाई मांगूर' या नावाने आफ्रिकी मागूर आला. तो झपाट्याने वाढतो आणि हाती लागेल तो मासा खातो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, तरी तो चोरून पाळला व विकला जातो. देशी मागूर संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत गेला आहे, आणि अमरकोशातला सहस्रदंष्ट्रही असुरक्षितांत गणला जातो.

हे सारे केवळ जुन्या ज्ञानाच्या कौतुकासाठी सांगितले नाही. या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मेजावर तळ्याच्या पट्ट्याची फाइल येत असेल. कोणाकडे पाटबंधारे असतील, कोणाकडे महसूल. सोमेश्वराने ढीमराची विद्या लिहून घेतली, पण त्याचे नाव लिहिले नाही. आपल्या फाइलीत मात्र नावासाठी एक रकाना असतो. त्यात कोणाचे नाव पडते, यावर पुढच्या पिढीला पढिन बाजारात दिसेल की केवळ कोशात, हे पुष्कळसे अवलंबून आहे. म्हणून झाशीस बदली झाली तर रिकामी पिशवी घेऊन परतू नये. मासा घ्यावा, तो कोणत्या तळ्यातला हे विचारावे, आणि ते तळे सध्या कोणाकडे आहे, हेही विचारावे.