जिथे सोडलं, तिथून पुढे

जिनिव्हाच्या सेंट पियेर चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा जरा निराशाच झाली. मूर्ती नाहीत, झगमगाट नाही. पण रिफॉर्म्ड पंथात महत्त्व बघण्याला नाहीच, ऐकण्याला आहे. उपासनेचा गाभा म्हणजे प्रवचन.

सुरुवात झुरिकची. कुठल्या रविवारी बायबलातला कुठला उतारा वाचायचा, हे तेव्हा ठरलेलं असे. 1 जानेवारी 1519 पासून झ्विंग्लीने ते बाजूला ठेवलं आणि मत्तयचं शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून क्रमाने सांगायला घेतलं. आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर ओवी-ओवी करत प्रवचनं चालतात ना, तसंच. यात एक मेख आहे. गैरसोयीची ओळ आली तरी ती गाळता येत नाही!

जिनिव्हात कॅल्व्हिनने हेच केलं. 1538 च्या ईस्टरला प्रभुभोजनाच्या विधीवरून नगरपरिषदेशी वाजलं आणि त्याला शहराबाहेर काढलं. 1541 च्या सप्टेंबरात त्यांनीच त्याला परत आणलं. आता हा व्यासपीठावरून सगळ्यांची खरडपट्टी काढणार, असं कोणालाही वाटलं असतं. त्याने आपल्या जबाबदारीबद्दल थोडंसं सांगितलं आणि तीन वर्षांपूर्वी जिथे थांबला होता तिथूनच पुढचा भाग घेतला. मी असतो तर निदान एक तरी टोमणा मारला असता! पण प्रवचनकार हा निरोप्या, बोलणारा देव, अशी यामागची श्रद्धा. निरोप्याने आपली भांडणं मध्ये आणायची नाहीत. (पुढे कॅल्व्हिननेही व्यासपीठावरून विरोधकांना भरपूर झोडपलं, ते सोडा.)

तो हातात टिपणं न घेता बोलायचा. म्हणून 1549 पासून फ्रेंच निर्वासितांनी देनी रागनिए नावाचा लेखनिक पगारावर नेमला. तो लघुलेखनात सगळं टिपून घ्यायचा आणि मग सुवाच्य प्रत तयार व्हायची. एकट्या ईयोबावर 159 प्रवचनं, अनुवाद या पुस्तकावर 200. एकूण 2000 च्या वर!

आणि 1805 मध्ये जिनिव्हाच्या ग्रंथालयाने त्यातले बहुतेक हस्तलिखित खंड विकले. वजनावर, रद्दीसारखे. काही नंतर परत मिळाले, बरेचसे गेले ते गेलेच. छापून झालेली प्रवचनं तेवढी वाचली.

कॅल्व्हिनला याचं फार दुःख झालं असतं असं वाटत नाही. आपली प्रवचनं छापायला तो नाखूशच असे. ती समोर बसलेल्यांसाठी होती. मला वाईट वाटतं ते रागनिएचं. दहाएक वर्षं बिचारा खाली मान घालून लिहीत होता.