हादरा कोणी सोसावयाचा?

इतिहास म्हटला की तलवारी, तह आणि तख्ते आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु सेनापती असो, वकील असो वा व्यापारी असो, त्याला प्रथम रस्ता तुडवावा लागतो; आणि रस्ता म्हटला की खाचखळगे आलेच. चाक खळग्यात आदळले की हादरा उत्पन्न होतो आणि तो कोणाच्या तरी अंगावर गेल्यावाचून राहत नाही. तो कोणाच्या अंगावर गेला, हा आम्हांला प्रवासाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न वाटतो. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या ट्रकवर राहण्याची खोली चढवून दूरच्या मुलखात हिंडणारे हौशी लोक आज आहेत. अशा गाडीखालचे पाटे सुधारताना जो विचार करावा लागतो, त्याची मुळे फार जुनी आहेत आणि ती आपल्याच भूमीत सापडतात.

फिरत्या घराचा एक प्रचंड प्रयोग याच दख्खनमध्ये झाला. औरंगजेब १६८२ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास आला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ वारला. मधली पंचवीस वर्षे त्याची राजधानी बव्हंशी तंबूंचीच होती. बादशाही मुक्कामाची रीत बर्निये या फ्रेंच वैद्याने त्यापूर्वीच, १६६४-६५ च्या काश्मीर-स्वारीत पाहून लिहून ठेवली आहे. तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा राही, तेव्हा दुसरा, म्हणजे ‘पेशखाना’, पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. एवढा एक संच हलविण्यास साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे तो सांगतो. जड तंबू हत्तींवर जात. पण बादशहाच्या जेवणातील चिनी मातीची भांडी आणि सोनेरी नक्षीचे पलंग मात्र माणसांच्या खांद्यांवर दिले जात.

या तपशिलापाशी क्षणभर थांबावयास हवे. नाजूक वस्तू माणसाकडे का सोपवावयाची? कारण त्या काळी माणसाच्या गुडघ्याइतकी चांगली कमान दुसरी नव्हती. पालखीचा दांडा किंचित लवतो, भोई आखूड पावले टाकतो, खळगा दिसताच गुडघा वाकवितो. आत बसलेल्याला झोप लागते, ती भोयाच्या खांद्याला घट्टे पडतात म्हणून. हादरा नाहीसा झाला नव्हता. तो एका देहातून दुसऱ्या देहात गेला होता.

सामान्य माणसाच्या नशिबी पालखी कोठली? त्याची बैलगाडी थेट आसावर बसविलेली असे. चाकाचा प्रत्येक दणका साट्यातून बसणाऱ्याच्या कण्यात आणि जुवातून बैलाच्या मानेत जाई. खाली पेंढा अंथरणे, एवढाच त्यावर उपाय. मराठी स्वारांनी मात्र निराळी युक्ती काढली. त्यांनी ओझेच कमी केले. जड डेरे आणि अवजड बाजारबुणगे मागे ठेवून घोड्यावर मावेल तेवढेच घेतले. वजन उतरविणे ही गाडी सुधारण्याची पहिली पायरी होय, हे आजचा कुशल कारागीरही सांगेल.

पोलादाने हे ओझे उचलले ते पुढे. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि कमानीवरच्या हलक्या घोडागाड्या हळूहळू रूढ झाल्या. पातळ पाती एकावर एक का रचतात, यात एक सुंदर गणित आहे. पात्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा आठपट होतो. पण त्याच जाडीची दोन सुटी पाती एकावर एक ठेवली तर तो दुप्पटच होतो. म्हणून अनेक पाती मिळून भारही उचलतात आणि लवतातही. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. अशा बसगाड्यांतून सामान्य उतारूही पाट्यांवर बसून प्रवास करू लागला.

आता राहण्याच्या ट्रककडे वळू. मालट्रकचे पाटे पूर्ण भारासाठी घडविलेले असतात. म्हणून रिकामा ट्रक उडतो. फिरत्या घराचा भार मात्र जवळजवळ कायम असतो. पाणी, इंधन आणि बिछाने धरून तो आधी तोलून घ्यावा व त्याच मापाचे पाटे करावेत, हे शहाणपणाचे. पुष्कळ जण मात्र गाडी बसली की आणखी एक जाड पाते चढवितात. गाडी उंच होते, पण ताठही होते. चाक खळग्यात उतरत नाही, अधांतरी राहते; चासी पिळवटते आणि वरच्या खोलीला तडे जातात. म्हणून जाणते कारागीर खोली तीनच टेकूंवर बसवितात, म्हणजे खालची चासी पिळली तरी वरची खोली पिळत नाही. शिवाय नुसत्या पाट्यांनी गाडी झुलतच राहते. तो झोका ‘शॉकॲब्सॉर्बर’ मोडतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून जाताना हादऱ्याची उष्णता करून टाकते. देह एका मिनिटात साठ ते नव्वद वेळा हेलकावला तर माणसाला फारसा त्रास होत नाही; संथ चालीत तो साधारण तसाच हेलकावतो. म्हणजे उत्तम पाटा तोच, जो भोयाच्या चालीची नक्कल करतो!

आमच्या शहराला या कथेत आणखी एक स्थान आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि एंड्युरन्स ही येथलीच कंपनी दुचाकींचे शॉकॲब्सॉर्बर बनविते. ज्या मुलखात भोयांनी हादरे सोसले, तेथेच आज ते सोसणारी यंत्रे घडतात.

पण गोष्ट येथे संपत नाही. २०२१ साली राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, हे चांगलेच झाले. तथापि मराठवाड्याचे खरे फिरते घर निराळेच आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-जालन्याकडून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे ट्रकांतून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून चूल, भांडी, शेळ्या नि लेकरे घेऊन जातात. त्यातल्या कित्येक ट्रॉल्यांना पाटेच नसतात. तेथे हादरा अजूनही आईच्या मांडीवरल्या लेकराच्या अंगात जातो. प्रवासाच्या सुधारणेचा इतिहास लिहिणाऱ्याने किती पाटे चढले हे जरूर मोजावे. पण शेवटचा हादरा कोणाच्या अंगावर राहिला, हेही विचारल्याशिवाय लेखणी खाली ठेवू नये.