चेहऱ्याच्या लकव्याची ओळख

चेहऱ्याची एक बाजू एकाएकी लुळी पडण्याचा विकार आयुर्वेदाच्या संहितांत 'अर्दित' या नावाने येतो. सुश्रुतसंहितेने तो तोंडापुरता मानला आणि मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, अतिशय हसणे अशी त्याची कारणे दिली, तर चरकसंहितेत अर्ध्या अंगाचा लुळेपणाही त्यात धरला गेला. हा मतभेद किरकोळ नाही. मेंदूतील बिघाडाने येणारा पक्षाघात आणि एकट्या मज्जातंतूचा लकवा यांची फारकत करणे, हाच या विकाराच्या इतिहासातील अवघड भाग आहे.

कवटीच्या हाडातील अरुंद वाटेने येऊन कानाखाली बाहेर पडणारा सातवा मज्जातंतू चेहऱ्याच्या हावभावांचे स्नायू हलवतो. तो बंद पडला की त्या बाजूच्या कपाळावर आठ्या उमटत नाहीत, पापणी मिटत नाही, तोंड निरोगी बाजूकडे ओढले जाते आणि गालाचा स्नायू सैल पडल्याने घास दात व गाल यांच्यात साचतो. चावण्याची शक्ती मात्र टिकते, कारण जबड्याचे स्नायू पाचव्या मज्जातंतूच्या अधीन असतात. मेंदूच्या पक्षाघातात कपाळ बहुधा वाचते, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही अर्धांतून आज्ञा मिळतात.

स्कॉटिश शल्यवैद्य चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गाढवांवरील प्रयोग मांडले. सातवा मज्जातंतू कापल्यावर नाकपुडीची श्वासाबरोबर होणारी हालचाल थांबलेली पाहून त्यांनी त्याला चेहऱ्याचा श्वसन-मज्जातंतू ठरवले. पाचवा कापल्यावर प्राणी ओठांनी चारा उचलेना, म्हणून ओठांची खाण्यातील हालचालही त्याच्याकडे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वस्तुतः ओठांची संवेदना गेली होती, शक्ती नव्हे. हे त्यांचेच शिष्य हर्बर्ट मेयो यांनी लवकरच दाखवून दिले. ही चर्चा केवळ पांडित्याची नव्हती, कारण चेहऱ्याच्या असह्य वेदनेवर उपाय म्हणून काही शल्यवैद्य चुकीने सातवाच मज्जातंतू कापत, आणि रुग्णाची वेदना तशीच राहून वर चेहरा कायमचा लुळा पडे. जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी 1798 मध्येच या विकाराचे रुग्ण वर्णिले होते, तरी त्याला नाव मिळाले ते बेल यांचे. अग्रक्रमाच्या कसोटीवर हा फ्रीडराइख यांच्यावर अन्यायच आहे.

स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन हे औषध सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे 94 टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, तर ते न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 82 टक्के होते. म्हणून तोंड वाकडे झालेले दिसताच, ते पक्षाघाताचेही लक्षण असू शकते हे ध्यानात घेऊन, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.