सुतावरून झाड

सौराष्ट्रातल्या घोघ्याहून आलेलं जहाज सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या धक्क्याला लागतं, तेव्हा गाडीत बसून राहू नये. कठड्याशी येऊन उभं राहावं. जहाज आणि धक्का यांच्यात अजून वीस-पंचवीस हात पाणी असतं. जहाज बांधायचा दोर मनगटाएवढा जाड, भिजला की आणखी जड, तो कुणाच्या बापाला फेकता येणार नाही. मग एक खलाशी पुढे येतो. त्याच्या हातात बोटाएवढी जाड दोरी असते, वेटोळी करून दोन्ही हातांत निम्मी-निम्मी वाटून घेतलेली. तो अंगाला पीळ देतो, हात मागे नेतो आणि सोडतो. टोकाची गाठ धक्क्यावर आपटते, खालचा माणूस ती दोरी हातावर हात टाकत ओढून घेतो आणि तिच्या शेपटाला बांधलेला तो अजस्र दोर पाण्यातून निमूट वर येऊन धक्क्यावरच्या खुंटावर, बोलार्डवर, बसतो.

ही फेरी 8 नोव्हेंबर 2020 ला सुरू झाली आणि रस्त्याचे 370 किलोमीटर समुद्राने 90 वर आले. मी या जहाजाने जातो तेव्हा प्रवासाइतकाच त्या फेकीसाठी जातो. खलाशी त्या दोरीला हीव्हिंग लाइन म्हणतात. मी सुट्टीच्या दिवशी दोराने झाडावर चढतो, आणि चढण्याचा दोर फांदीवरून पार करण्यासाठी माझ्या पिशवीत जी बारीक दोरी असते, ती थ्रोलाइन, हिचीच धाकटी बहीण. काम तेच: जे जड आहे ते फेकता येत नाही, म्हणून हलकं पुढे पाठवायचं.

या कुळातली आणखी एक नातेवाईक सुरतेच्या गल्लीत राहते. संक्रांतीच्या दिवसांत पोरं दोऱ्याच्या टोकाला खडा बांधून तो कटलेल्या पतंगाच्या दोऱ्यावरून फेकतात आणि पतंग खाली खेचतात. त्याला लंगर म्हणतात. गुजराती पोरंही म्हणतात आणि उधना-लिंबायतच्या खानदेशी घरांतली आमची पोरंही. हा शब्द फारसी, अर्थ जहाजाचा नांगर. सतराव्या शतकात युरोपातली जहाजं हजीऱ्याशेजारच्या सुवाळीला लंगर टाकून उभी राहत. 1612 मध्ये थॉमस बेस्टची इंग्रज जहाजं आणि पोर्तुगीज याच पाण्यात झुंजले. पोराच्या मुठीतल्या खड्याला जहाजाच्या नांगराचं नाव मिळालं आहे, आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही. दोरीच्या टोकाला वजन बांधायचं आणि ते जाऊन अडकेल तिथे आपला हक्क सांगायचा, इतकंच तर दोघांचं काम.

हलक्यामागून जड, ही युक्ती कुणी पहिल्यांदा काढली ते सांगता येणार नाही, पण गोष्टींच्या रूपाने ती आपल्याकडे केव्हाची नांदते आहे. विवेकानंदांनी 1896 च्या ‘राजयोगा’त सांगितलेली बुरुजातल्या प्रधानाची गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. राजाने प्रधानाला उंच बुरुजात कोंडलं. त्याच्या बायकोने एक भुंगा आणला, त्याला रेशमाचा धागा बांधला, मिशांना मधाचा थेंब लावला आणि तोंड वर करून त्याला भिंतीवर सोडून दिलं. मधाच्या वासाने भुंगा चढत गेला. रेशमामागून सूत, सुतामागून सुतळी, सुतळीमागून दोर, आणि दोरावरून प्रधान खाली. आपण ‘सुतावरून स्वर्ग’ म्हणतो ते टोमणा म्हणून, पण इथे तो अक्षरशः खरा आहे.

समुद्रावर ही युक्ती जीव वाचवायला कामी आली. इंग्लंडच्या यारमथच्या किनाऱ्यापाशी 1808 मध्ये जॉर्ज मॅन्बीने उखळी तोफेतून दोरी बांधलेला गोळा फुटत्या जहाजावर उडवला आणि त्या दोरीमागून जाड दोर पाठवून माणसं काढली. आज समुद्र ओलांडून हजीऱ्याला येणाऱ्या मालवाहू जहाजावर त्या तोफेचंच वारसदार उपकरण असतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वारा शांत असताना त्याने दोरी निदान 230 मीटर नेली पाहिजे.

सुरतकरांना जास्त आवडेल ती मात्र नायगाराची हकिकत. चार्ल्स एलेटला दरीवर झुलता पूल बांधायचा होता आणि पहिला धागा पलीकडे न्यायचा कसा हे सुचेना, कारण खाली होडी टिकत नव्हती. त्याने पतंगाची पैज लावली. जानेवारी 1848 मध्ये होमन वॉल्श नावाच्या शाळकरी वयाच्या पोराने पतंग दरीपार उतरवला. त्या दोऱ्याला जाड दोरी, तिला आणखी जाड दोर, शेवटी तारेची केबल. संक्रांत तिथे नाही, पण महिना जानेवारीचाच.

झाडांवर हौसेने चढण्याची रीतसर शाळा 1983 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात पीटर जेनकिन्स यांनी काढली. पण माझ्या मनात याच वाटेवरचं दुसरं नाव आहे, नलिनी नाडकर्णी. वडील भारतातले, जन्म अमेरिकेतला, आणि आयुष्यातला बराच काळ कोस्टारिकातल्या मॉन्तेव्हेर्देच्या जंगलातल्या झाडांच्या शेंड्यांवर. फांद्यांवर साचलेल्या मातीत झाड स्वतःच मुळं सोडतं हे त्यांनी 1981 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं. ते जमिनीवर उभं राहून दिसणारं नव्हतं. वर जायला त्यांनी दांड्यावर गलोल आणि मासेमारीचं रीळ बसवलेलं साधन वापरलं: आधी गळाची तार, मग दोरी, मग चढायचा दोर. भुंग्याच्या गोष्टीला मी कधी हसत नाही, ते म्हणूनच.

आता माझ्या पिशवीतली थ्रोलाइन. ती 2 मिलिमीटरच्या आसपास जाड असते. धागा वातड पॉलिइथिलीनचा, जो जवळपास ताणला जात नाही. ताणणारी दोरी या कामाला वाईट; टोकाला बांधलेली वजनाची पिशवी फांदीत अडकली की दोरी रबरासारखी ताण साठवते आणि सुटताना पिशवी तुमच्या तोंडावर आणते. पृष्ठभाग गुळगुळीत हवा, नाहीतर चिंचेच्या खरबरीत सालीवर दोरी घासत राहते आणि टोकाचं वजन खाली येतच नाही. रंग झगझगीत पिवळा किंवा केशरी, कारण पानांत हिरवी दोरी शोधणं म्हणजे संध्याकाळ वाया. लांबी झाडाच्या उंचीच्या दुपटीहून थोडी अधिक, म्हणजे फांदीवरून गेलेलं टोक खाली येऊनही आपल्या हातात शिल्लक उरते. टोकाच्या पिशव्या 250 ते 400 ग्रॅमच्या. हलकी उंच जाते, जड खाली येते, आणि रोज कुठली लावायची हे झाड ठरवतं. एक गोष्ट मात्र ठाम: या दोरीवर माणूस कधी लोंबकळायचा नाही. तिने फक्त चढायचा दोर वर न्यायचा, आणि तोही सालीला काचू नये म्हणून फांदीवर कातडी किंवा नळीचं अस्तर घालून.

झाडाची पारखही दोरीआधीची. शेवगा आणि जांभूळ दगा देतात हे आईने सांगितलेलं असतं. चिंचेची फांदी भार पेलते, पण वाळकी नाही ना, हे खालून दोन-चार बाजूंनी पाहूनच फेकावं. वजन मऊ पिशवीत का, हेही बंदरावरून शिकावं. हीव्हिंग लाइनच्या टोकाला वळलेल्या गाठीला मंकी फिस्ट म्हणतात, आणि दूर जावी म्हणून तिच्या पोटात नट किंवा लोखंडाचा गोळा दडवायची खोड जगभर आहे. धक्क्यावरच्या माणसाच्या डोक्यात ती बसली तर तो उठत नाही. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षा संहितेत गाठ नुसत्या दोरीचीच हवी, आत वजन नको, असं स्पष्ट लिहिलं आहे. झाडाखालीही हेच: पिशवीत छर्रे, बाहेर मऊ कापड, आणि फेकायच्या आधी खाली कुणी नाही ना, याची खात्री.

गुंता हा वेगळाच विषय. मनगटावर गुंडाळलेली थ्रोलाइन दुसऱ्या फेकीला गाठ मारते. पहिल्या वर्षी माझी अर्धी सकाळ गाठी सोडवण्यात जाई. मग कापडी चौकोनी पेटी घेतली. तीत दोरी नुसती, जशी येईल तशी, वरून खाली ओतत जायची. सोडताना ती खालपासून नाही, वरपासून सुटते आणि गाठ पडत नाही. ही शहाणी युक्ती मला इतकी साधी वाटली की ती आधी का सुचली नाही याचं आजही नवल वाटतं.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2017 मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर इथली झाडं मांजाने भरलेली असतात. त्यात पाखरं अडकतात. म्हणून आमच्या दोरीबाबत एक नियम मी कुणासाठी मोडत नाही: अडकलेली थ्रोलाइन कापून झाडावर सोडायची नाही, कितीही उशीर होवो.

गेल्या जानेवारीत हजीऱ्याच्या रस्त्यालगतच्या एका चिंचेवर हीच दोरी टाकली, चढायला नव्हे. तिसऱ्या फेकीला पिशवी एका डहाळीवरून पलीकडे गेली, आणि दोन्ही टोकं धरून हलक्या हाताने सावकाश खाली ओढली तेव्हा तिच्यासोबत गुलाबी मांजाचा पुंजका उतरला. त्यात कावळ्याचं एक पीस होतं. मांजा कात्रीने बोटाबोटाएवढा कापून पिशवीत भरला, आणि मग पेटी समोर घेऊन थ्रोलाइन वरून खाली, जशी येईल तशी, ओतायला बसलो.