रुळांखालचे लाकूड

तोडलेल्या लाकडाचे मुख्य शत्रू दोन: वाळवी आणि बुरशी. दोन्हींना ओल लागते. म्हणून घराचा खांब रोवण्याआधी त्याचे खालचे टोक जाळून काळे करण्याची किंवा त्याला डांबर फासण्याची रीत खेड्यापाड्यांत जुनी आहे. रेल्वे आल्यावर हाच प्रश्न लाखो लाकडांपर्यंत वाढला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट 1865 मध्ये खुला झाला. भुसावळहून फुटलेला फाटा 1867 मध्ये नागपूरला पोचला आणि 1870 मध्ये खंडवा-जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. दर मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी लाकडे, लागत. या मार्गावरच्या तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की लाकूड तडकते आणि त्या भेगांतूनच पाणी आत शिरते. स्लीपरखाली खडी घालण्यामागे पाण्याचा निचरा हेही एक कारण होते.

सागाचा गाभा स्वतःच्या तेलामुळे टिकतो, पण साग महाग होता. सुरुवातीला युरोपातून क्रिओसोट मुरवलेले पाइनचे स्लीपरही आणले गेले. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले तेल. ते दाबाखाली मुरवण्याचे पेटंट जॉन बेथेल यांनी इंग्लंडमध्ये 1838 मध्ये घेतले. स्लीपर लोखंडी टाकीत भरायचे, हवा ओढून घ्यायची, मग गरम तेल दाबाने सोडायचे. 1902 च्या र्‍यूपिंग पद्धतीत आधी दाबाची हवा भरतात. दाब काढला की तीच हवा जादा तेल बाहेर ढकलते आणि तेलाची बचत होते.

भारतात डेहराडूनची वनसंशोधन संस्था 1906 मध्ये स्थापन झाल्यावर देशी लाकडांवर पद्धतशीर प्रयोग झाले. पंजाबात धिलवान येथे 1923 मध्ये क्रिओसोट कारखाना निघाला. पुढच्या दशकात वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे ‘अ‍ॅस्क्यू’ हे मिश्रण शोधले. हे क्षार लाकडात घट्ट बसतात, पावसाने धुऊन जात नाहीत. त्याच धर्तीची मिश्रणे पुढे जगभर विजेच्या खांबांसाठी वापरली गेली.

तेल मुरवण्याआधीच स्लीपरला खाचा पाडून, खिळ्यांची भोके घेऊन ठेवणे आवश्यक असे. नंतर केलेल्या छिद्रातून कोरे लाकूड उघडे पडे. तडकू नये म्हणून टोकांवर इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराची लोखंडी पट्टी ठोकली जाई.

1970 नंतर काँक्रीटचे स्लीपर वाढत गेले. लाकडी स्लीपर प्रामुख्याने पुलांवर आणि सांध्यांवर उरले, तेथूनही पुढे बरेचसे हटले. निकामी स्लीपर लिलावात विकले जात. क्रिओसोट विषारी असल्यामुळे असे लाकूड चुलीत जाळणे धोक्याचे असते. जुना स्लीपर आडवा कापला की कडेने काळा पट्टा आणि मध्ये मूळ रंगाचा गाभा दिसतो. तेल बाहेरच्या सच्छिद्र भागात मुरते, दाट गाभ्यात फारसे जात नाही. त्यामुळे काळा पट्टा शाबूत असेपर्यंतच आतले लाकूड सुरक्षित राहते.